सी-पेप्टाइड: इन्सुलिनचं कातरण

डायबेटिसच्या पेशंटला डॉक्टर कधीकधी सी-पेप्टाइड नावाची टेस्ट लिहून देतात आणि बऱ्याच जणांना वाटतं हा शुगर तपासायचाच प्रकार असेल. तसं नाहीये. शिंप्याकडे कापड बेतताना कातरण निघतं ना, तसं इन्सुलिन बनताना निघालेलं हे कातरण, फक्त इथे पेशी ते टाकून देत नाही, कपड्यासोबत त्याच पिशवीत घालून देते.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत इन्सुलिन आधी 110 अमिनो आम्लांची माळ असते. त्यातली पहिली 24 म्हणजे पत्ता. रायबोसोमवर (पेशीतलं प्रोटीन बनवायचं यंत्र) माळ ओवणं चालूच असतं, तेवढ्यात हे टोक बाहेर डोकावतं आणि सहा प्रोटीन अन् एक आरएनए मिळून झालेला एक कण त्याला पकडतो, ओवणं जरा थांबवतो आणि अख्ख्या रायबोसोमला ईआरच्या (शाळेतली आंतर्द्रव्यजालिका, नाव आठवलं तर!) दारात नेऊन लावतो. माळ आत सरकते, पत्ता कापला जातो. गंमत म्हणजे या पत्त्याची अक्षरं ठरलेली नसतात, पाण्याशी न पटणारी अमिनो आम्लं सलग आली की बहुतेक भागतं. शास्त्रज्ञ ग्युंटर ब्लोबेल यांनी सहकारी सबाटिनींसोबत ही कल्पना 1971मध्ये मांडली, ब्लोबेलना नोबेल मिळालं 1999ला.

उरलेल्या 86ची ईआरमध्ये घडी पडते, गंधकाचे तीन टाके बसतात, घडी बिघडलेला माल सहसा तिथेच अडतो. पुढे गॉल्जी, म्हणजे पेशीचं माल वाटायचं केंद्र, आणि खरी वाटणी इथे होते. लायसोसोमला (पेशीतला कचरा मोडायची जागा) जाणाऱ्या एन्झाइम्सवर मॅनोज-6-फॉस्फेटचा शिक्का लागतो. आय-सेल नावाच्या दुर्मिळ आजारात हा शिक्का मारणंच जमत नाही, मग चांगली धडधाकट एन्झाइम्स पेशीबाहेर रक्तात जातात आणि इकडे लायसोसोममध्ये कचरा साठत बसतो.

इन्सुलिनची मात्र वेगळी पिशवी भरते. तिच्यात मधला 31चा तुकडा (हेच सी-पेप्टाइड) आणि जोडावरची चार आम्लं कापली जातात, राहतं 51चं इन्सुलिन, ते सहा-सहाच्या गटाने झिंकभोवती स्फटिक करून बसतं. रक्तात ग्लुकोज वाढलं, पेशीत कॅल्शियम शिरलं की पिशवी फुटते आणि दोन्ही बाहेर, जितकं इन्सुलिन तितकंच सी-पेप्टाइड.

इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये हे कातरण नसतं, म्हणून रिपोर्टमधला आकडा सांगतो की स्वतःचं स्वादुपिंड किती काम करतंय. शिवाय यकृत इन्सुलिनचा निम्म्याच्या आसपास भाग पहिल्याच फेरीत काढून घेतं, सी-पेप्टाइडला फारसं हात लावत नाही, ते बरंचसं किडनी काढते. त्यामुळे किडनी कमजोर असेल तर हा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो.