फिरती करवत गिरणी (सातारा व सांगली परिसर)

झाडाचा ओंडका जिथे पडला तिथेच, किंवा फार तर घराच्या मागच्या अंगणात ओढून आणून, त्याच्या फळ्या, वासे आणि तुळया पाडणारे लहान यंत्र म्हणजे फिरती करवत गिरणी. बोलीत तिला नुसते 'सॉ मिल'च म्हणतात. शहरातल्या वखारीतल्या मोठ्या गिरणीत करवत एका जागी पक्की असते आणि ओंडका गाड्यावरून तिच्याकडे ढकलला जातो. फिरत्या गिरणीत उलटे असते. ओंडका स्थिर राहतो आणि करवत इंजिनासह रुळांवरून त्याच्यावरून सरकते. म्हणूनच तिला फार मोठी जागा लागत नाही. ओंडक्याच्या लांबीइतके रूळ आणि दोन्ही टोकांना चार-पाच फूट मोकळी जागा पुरते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तिची उपयुक्तता बांधावरच्या झाडांमुळे आहे. आंबा, बाभूळ, जांभूळ, चिंच, कडुनिंब, निलगिरी, सुबाभूळ, आणि पाचगणीकडे सिल्व्हर ओक, असे एखाददुसरे झाड वादळात पडते, वाळते किंवा विहिरीच्या कामात आडवे येते. एका झाडासाठी ट्रक भरून वखारीपर्यंत नेणे परवडत नाही, मग ते जळणाच्या भावाने जाते. बाभळीचे जे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या कुळवाच्या दिंडाला आणि बैलगाडीच्या चाकांच्या आऱ्यांना वापरले गेले, ते चुलीत जाणे हा खरा तोटा आहे, आणि ही गिरणी तोच वाचवते. धंदा म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्याने आधी शेजारच्या दहा बांधांवर किती झाडे पडतात ते मोजावे.

आधी कागद

यंत्र छोटे आहे, चाकांवर आहे किंवा घरामागे आहे, एवढ्यामुळे परवाना टळतो असा समज गावोगाव आढळतो. तो धोक्याचा आहे. जंगलतोडीबाबतच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ पासून दिलेल्या आदेशांनी देशभरातल्या लाकूड कापण्याच्या गिरण्यांवर नियंत्रण आणले. ऑक्टोबर २००२ च्या आदेशाने न्यायालयानेच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या संमतीशिवाय नवी गिरणी उघडू देण्यास राज्यांना मनाई केली. पुढे २०१६ मध्ये केंद्राने लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि हे अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे आले. गोल ओंडका चिरणारे पट्टी करवतीचे (दाते असलेल्या अखंड पोलादी पट्टीच्या करवतीचे) यंत्र विकत घेण्याआधी सातारा किंवा सांगलीच्या वनखात्याच्या उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी विचारणा करणे हीच गिरणी उभारण्याची पहिली पायरी. रूळ, इंजिन, शेड हे सगळे त्यानंतर.

झाडाचा प्रश्न वेगळा आहे. स्वतःच्या शेतातले असले तरी हिरडा, साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ यांसारखी झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत येतात आणि तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. निलगिरी व सुबाभूळ त्या यादीत नाहीत. नगरपालिका हद्दीत १९७५ चा नागरी वृक्षसंवर्धन कायदा लागू होतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील कलम ४१ खाली लाकडाच्या वाहतुकीचे नियम केले जातात. वाहतूक परवाना आणि ओंडक्यावरचा वनखात्याचा हातोड्याचा शिक्का हे त्यातूनच आले आहेत. महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यामुळे पाटण, जावळी आणि शिराळा तालुक्यांत जंगलालगत गिरणी टाकण्याचा विचार करणाऱ्याला माण-खटावच्या शेतकऱ्यापेक्षा जास्त अटींना तोंड द्यावे लागते. ते योग्यही आहे. अशा ठिकाणी चोरीचे लाकूड चिरायला यंत्र हाताशी असणे जंगलाला मारक ठरते.

विजेचीही एक अडचण आहे. शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणीची मोटर चालवणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो. शिवाय शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते. म्हणून लहान गिरण्या बहुधा पेट्रोल इंजिनावर चालतात.

यंत्र

मेणवलीच्या नाना फडणीसांच्या वाड्यातले खांब आणि तुळया ज्या काळात पडल्या, त्या काळात ओंडका उंच घोडीवर किंवा खड्ड्यावर ठेवून एक माणूस वर आणि एक खाली अशी करवत ओढली जाई. अखंड पट्टीच्या करवतीची कल्पना इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने १८०९ च्या सुमारास पेटंटबद्ध केली. पण पट्टीचा सांधा टिकेना. १८४६ मध्ये फ्रान्समधील आन पोलिन क्रेपँ हिने टिकाऊ जोडाची रीत शोधली आणि मग ही करवत व्यवहारात आली. फिरत्या पट्टी-गिरण्यांचा आजचा प्रसार अमेरिकेत १९८२ मध्ये सुरू झालेल्या वुड-मायझर कंपनीच्या यंत्रांपासून धरला जातो.

रचना समजायला सोपी आहे. दोन चाकांवर ताणलेली पोलादी पट्टी, तिला ओंडक्यापाशी सरळ धरणारे दोन मार्गदर्शक रोलर, इंजिन, उंची कमी-जास्त करणारा स्क्रू, आणि हे सर्व वाहून नेणारा गाडा. साधारण पट्टी ३२ मिलिमीटर रुंद, जेमतेम १ मिलिमीटर जाड, आणि दातांमध्ये २२ मिलिमीटरच्या आसपास अंतर. ती सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेगाने धावते. दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. या फाकीमुळे कापाची रुंदी २ ते ३ मिलिमीटर होते आणि पट्टी लाकडात घट्ट बसत नाही. मऊ लाकडाला दाताचा कोन १० अंशांच्या आसपास चालतो. वाळलेल्या बाभळीसारख्या कठीण लाकडाला तो ४ ते ७ अंश लागतो, नाहीतर पट्टी वरखाली पोहू लागते आणि फळी लाटेसारखी निघते.

कापाची रुंदी हाच या यंत्राचा मोठा गुण आहे. साखळी करवतीला चौकट लावूनही फळ्या पाडता येतात आणि ते फार स्वस्त पडते, पण तिचा काप ८-९ मिलिमीटरचा असतो. बारा इंची चौकोनी ठोकळ्यातून एक इंची फळ्या काढल्या तर ३ मिलिमीटर कापाने दहा निघतात आणि ९ मिलिमीटर कापाने कशाबशा नऊ. दहावी फळी भुशात गेलेली असते.

कुपवाड किंवा कराडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकट आणि रूळ बनवून घेणे शक्य आहे. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये जिथे उभी राहिली त्या भागात लोखंडकाम जाणणारे हात कमी नाहीत. चाके मात्र तोललेली आणि नेमकी गोलच हवीत. चौकट दोन मिलिमीटर चुकली तर निस्तरता येते, पण चाक डगमगले तर पट्टी तुटते, आणि ताणलेली पट्टी तुटते तेव्हा जवळ कोणी उभे असू नये.

पाया

गिरणी बसवणारे बहुतेक जण इंजिनाच्या हॉर्सपॉवरची चौकशी करतात. चांगली फळी पाडतो तो मात्र पाया. रूळ जिथे खचतो तिथे करवत खचते आणि तीच चूक प्रत्येक फळीत उतरते.

कृष्णाकाठी, वाळवा, पलूस, मिरज, कराड या पट्ट्यात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल अशा भेगा पाडते. तिच्यावर थेट ठेवलेले रूळ मृग नक्षत्रात समतल असतील तर चैत्रात नसतात. म्हणून रुळाखालची काळी माती दोन-तीन फूट काढून मुरूम भरावा, थरांवर पाणी मारून धुमसाने चोपावा, आणि त्यावर सिमेंटचे ठोकळे किंवा जाड लाकडी स्लीपर आडवे टाकावेत. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत मुरूम वरच असतो, तिथे हे काम एका दिवसाचे आहे. पश्चिमेकडे पाटण-जावळीत पाणी निघून जाणे महत्त्वाचे, रुळाच्या वरच्या बाजूने चर काढल्याशिवाय भागत नाही.

समपातळी काढायला गवंड्याची पाण्याची नळी पुरेशी आहे. पारदर्शक नळीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक पहिल्या आधारावर धरायचे आणि दुसरे एकेका आधारावर फिरवायचे. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून रुळाची बाजूची वाकडीतिकडी रेषा काढायची. प्रत्येक आधाराखाली उंची बदलता येईल असा नट-बोल्ट ठेवला तर पुढची वर्षे सोपी जातात. दोन्ही रुळांना एकसारखा उतार असला तरी एकवेळ चालेल, पीळ चालत नाही.

जागा निवडताना कडब्याची गंजी लांब असावी. इंजिनाची ठिणगी आणि वाळलेला भुसा एकत्र आले की आग लागायला वेळ लागत नाही. वारा पश्चिमेकडून वाहतो, तेव्हा भुसा घराकडे किंवा गोठ्याकडे जाणार नाही हेही पाहावे लागते.

ओंडका

दोन फूट व्यासाचा आठ फूट लांब ओला ओंडका अर्ध्या टनाहून जास्त भरतो. तो ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढत आणतात. ओढताना सालीत बसलेली माती आणि खडे धार घालवतात, म्हणून रुळावर चढवण्यापूर्वी साल धुऊन किंवा सोलून काढणे चांगले. चढवताना उताराच्या फळ्या आणि पहारी लागतात. खालच्या बाजूला माणूस उभा करू नये.

बाजारात लाकूड घेराच्या चौथाईने मोजतात. घेर ४८ इंच असला की चौथाई १२ इंच, तिचा वर्ग १ चौरस फूट, आणि ८ फूट लांबीला ८ घनफूट. त्या ओंडक्याचे खरे घनफळ १० घनफुटांच्या थोडे वर असते. ही तफावत सालीकडच्या वाया जाणाऱ्या भागासाठी धरलेली आहे. ओंडका विकणाऱ्या शेतकऱ्याला ती माहीत असली पाहिजे.

बांधावरच्या झाडाचा सर्वांत मोठा धोका आत लपलेला असतो. कुंपणाची तार पंधरा वर्षांत खोडाने गिळलेली असते. जनावर बांधायचा खिळा, निवडणुकीच्या फलकाचा खिळा, नवसाचा खिळा, ओट्याजवळच्या झाडात देवाच्या नावाने ठोकलेले लोखंड, हे सगळे खोडात असते आणि बहुधा जमिनीपासून चार-पाच फुटांत, म्हणजे नेमके सर्वांत चांगल्या लाकडात. हाताचे धातुशोधक यंत्र आता महाग राहिलेले नाही, ते घ्यावेच. ते नसेल तर ओंडक्याचे कापलेले तोंड पाहावे. बाभूळ, जांभूळ यांसारख्या लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग झाला की निळसर काळा डाग पडतो. डाग दिसला की त्याच्या रेषेत खिळा आहे असे समजून तो भाग जळणाला काढावा. एका खिळ्याने नवी पट्टी जाते.

चिरताना आधी एका बाजूची साल काढून सपाट तोंड करतात, ओंडका पाव फेरी फिरवून दुसरे, असे चारही बाजूंनी चौकोनी करून मग फळ्या पाडतात. निलगिरीला वेगळी वागणूक लागते. वाढताना तिच्या खोडात ताण साठलेला असतो आणि एका बाजूने फळी निघताच उरलेला ओंडका धनुष्यासारखा वाकतो. तिला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने कापावे लागते. पट्टीवर साबणाच्या पाण्याची बारीक धार ठेवली की डिंक चिकटत नाही. तास-दीड तासाने पट्टी बदलावी, आणि दिवस संपताच तिचा ताण सैल करावा.

यंत्राजवळ लुंगी, उपरणे, मोकळा पदर नको. डोळ्याला चष्मा, कानाला बोळे आणि तोंडाला चांगला मास्क हवा. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. नुसता रुमाल पुरत नाही.

वाळवण

ओली फळी दारे-खिडक्यांना लावली तर ती पुढे वाकते. जमिनीपासून दीड फूट उंच आधारांवर फळ्यांची थप्पी लावतात आणि प्रत्येक थरात एकसारख्या जाडीच्या रिपा, त्याही एकाखाली एक, ठेवतात. एका इंचाला एक वर्ष हा हिशेब थंड देशांतला आहे. माण-खटावच्या उन्हाळ्यात एक इंची फळी काही महिन्यांतच वाळते आणि तिथे भीती उलटी असते. फळी फार लवकर वाळून टोकांना फाटते. म्हणून ओंडका कापल्याच्या दिवशीच टोकांना ऑइलपेंट किंवा मेण लावावे आणि थप्पी सावलीत ठेवावी. महाबळेश्वरच्या पावसात मात्र जून ते सप्टेंबर फळी वाळतच नाही, बुरशी धरते. आंब्याचे लाकूड तर ओंडका म्हणून महिनाभर पडले तरी डागळते आणि त्यात भुंगा शिरतो. ते तोडल्यावर लगेच चिरून बोरॅक्स व बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून काढतात. कृष्णपक्षात तोडलेले लाकूड किडत नाही असे जुने सुतार सांगतात. किडीला हवा असतो तो बाहेरच्या पांढऱ्या रसकाष्ठातला पिठूळ अंश. टिकाऊ कामात रसकाष्ठ शक्यतो वापरू नये, हे सुतारांचे दुसरे म्हणणे जास्त भरवशाचे आहे.

सालीकडच्या फळ्या कुंपणाला आणि गोठ्याला जातात. भुसा जनावरांखाली अंथरता येतो. तो थेट शेतात टाकला तर कुजताना जमिनीतला नत्र ओढतो, म्हणून शेणात मुरवून मगच घालतात.

कृष्णाकाठच्या गावांत गिरणी फिरती असण्याचा एक उपयोग यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी चढले तसे पुन्हा चढू लागले, की चार बोल्ट काढून इंजिनासह गाडा ट्रॉलीत घालून गावठाणाच्या उंच बाजूला नेता येतो. रूळ मागे राहतात. पाणी ओसरल्यावर त्यांच्यावरचा गाळ खरवडतात, पाण्याची नळी पुन्हा आधारांवर धरतात, आणि पहिली फळी पाडण्याआधी एकेक नट फिरवत रूळ पुन्हा समतल करतात.