भोंदू उपचारांवरील लोकविश्वास

ज्या उपचाराचा गुण कधी तपासलाच गेला नाही, किंवा तपासल्यावर जो फोल ठरला, तो खात्रीचा म्हणून देणे ही भोंदू वैद्यकी. माणसे स्वतःसाठी आणि आपल्या पाळीव प्राण्यांसाठी तिच्यावर विश्वास का ठेवतात, हा या नोंदीचा विषय आहे. उपचार देणारा दरवेळी लबाडच असतो असे नाही. पुष्कळदा त्याचीही त्या औषधावर मनापासून श्रद्धा असते, आणि अशा माणसाचे बोलणे ठगाच्या बोलण्यापेक्षा लवकर पटते.

फसणारे अडाणी असतात, हा न फसलेल्यांचा सोयीचा समज आहे. ईबेन बायर्स हा अमेरिकेतील धनाढ्य उद्योगपती आणि १९०६ चा राष्ट्रीय हौशी गोल्फविजेता. १९२७ मध्ये हाताला झालेल्या दुखापतीनंतर डॉक्टरच्या सल्ल्याने तो ‘रॅडिथॉर’ घेऊ लागला. हे औषध म्हणजे रेडियम हा किरणोत्सारी धातू मिसळलेले पाणी. आपल्याला तरतरी येते असे वाटून त्याने मित्रांनाही त्याच्या पेट्या पाठवल्या. शर्यतीच्या एका घोड्यालाही ते पाजल्याचे सांगतात. जबड्याचे हाड झडत जाऊन १९३२ मध्ये तो वारला. शिक्षण, पैसा आणि डॉक्टर ही तिन्ही त्याच्या हाताशी होती. ‘मला बरे वाटते’ एवढ्यावर औषधाची पारख करता येत नाही, हे सांगणारे मात्र कोणी नव्हते.

गुण कशाने येतो

बहुतेक किरकोळ दुखणी औषध न घेताही ओसरतात. जुनाट दुखण्यांना भरती-ओहोटी असते. संधिवात, खाज, पाठदुखी, अपस्मार यांत बरे दिवस आणि वाईट दिवस आलटून पालटून येतात. माणूस नव्या उपायाच्या शोधात निघतो तो दुखणे असह्य झाल्यावर, म्हणजे ते शिगेला पोचल्यावर. तेथून पुढे ते काही काळ उतरण्याचीच शक्यता जास्त. टोकाच्या मोजमापानंतरचे मोजमाप सरासरीकडे सरकते, हे फ्रान्सिस गॉल्टन याने १८८६ मध्ये आईबाप आणि मुले यांच्या उंचीवरून दाखवले होते. आजाराच्या चढउतारालाही तेच लागू पडते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला जाते.

त्यात बहुधा नेहमीची औषधेही चालूच असतात. पण लक्षात राहतो तो नवा उपाय, कारण त्यासाठी धडपड केलेली असते, पैसे मोजलेले असतात. ज्यांना गुण आला नाही ते गप्प बसतात किंवा दुसरा उपाय शोधतात. दगावलेले तर काही सांगायला येतच नाहीत. त्यामुळे कानावर पडणारे अनुभव खरे असूनही त्यांतून निघणारा निष्कर्ष चुकीचा असू शकतो.

पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा

हे सगळे एका जागी पाहायचे तर रेबीजचा इतिहास पाहावा. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून जवळजवळ कोणीच वाचत नाही. इतक्या खात्रीने मारणाऱ्या रोगावर ‘हमखास’ उपाय शतकानुशतके कसे टिकले, हे कोडे वाटते. उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. पिसाळलेला म्हणून मारलेला प्रत्येक कुत्रा रेबीजचा नसे. तो रेबीजचा असला तरी चावा घेतलेल्या प्रत्येकाला रोग होत नाही. जखम कपड्यावरून झाली, उथळ झाली किंवा डोक्यापासून लांब झाली, तर धोका कमी होतो. शिवाय चाव्यापासून लक्षणांपर्यंत साधारणपणे दोन-तीन महिने जातात, क्वचित वर्षही. म्हणजे ज्यांच्यावर उपाय केला त्यांतले बरेच जण उपाय न करताही वाचले असते. एखादा महिन्यांनी दगावला, तर पथ्य मोडले, उशीर झाला, अशी कारणे तयार असत.

रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे की कुत्र्याच्या जिभेत एक किडा असतो आणि तो पिल्लू असतानाच काढला तर कुत्रा पिसाळत नाही. तो किडा नसून जिभेच्या खालच्या बाजूचा तंतुमय दोरीसारखा भाग आहे. तरीही पिल्लांची जीभ चिरून तो काढण्याची चाल युरोपात फार काळ टिकली. बहुतेक कुत्रे आयुष्यात कधीच पिसाळत नाहीत, हे तिच्या पथ्यावर पडले. ‘सेंट ह्यूबर्टची किल्ली’ नावाचा लोखंडी खिळा तापवून त्याचा डाग माणसांनाही देत आणि कुत्र्यांनाही. ताज्या जखमेवर लगेच डाग दिला तर काही विषाणू मरतही असतील. पण ज्याला चावा बसलाच नाही अशा कुत्र्याच्या कपाळावर दिलेल्या डागाने कुत्र्याला वेदनेपलीकडे काय मिळाले असेल, हे उघड आहे. अमेरिकेत हरणाच्या पोटात सापडणारा खडा जखमेवर ठेवत. तो चिकटला की विष ओढतो आहे असे मानत, आणि चिकटला नाही तर विष नव्हतेच असे मानत. दोन्ही बाजूंनी खड्याचा विजय.

लुई पाश्चर याने ६ जुलै १८८५ रोजी जोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्यावरही हाच आक्षेप घेतला गेला: मुलाला रोग झालाच नसता तर? आक्षेप वाजवी होता. एका मुलाच्या वाचण्याने लस सिद्ध होत नाही, जसा खडाही सिद्ध होत नाही. फरक पडला तो पुढे हजारो लोकांना लस टोचून त्यांच्यातील मृत्यूंचा हिशेब ठेवला गेल्यामुळे. खड्यांचा असा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

‘जनावराला कुठे कल्पना असते?’

अमेरिकेतील कनेटिकटचा वैद्य एलिशा पर्किन्स याने १७९६ मध्ये धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले. दुखऱ्या भागावरून त्या फिरवल्या की दुखणे ओढून निघते, असा त्याचा दावा होता. त्याचा मुलगा बेंजामिन लंडनमध्ये त्यांची जोडी पाच गिनींना विकत असे. १७९९ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे जॉन हेगार्थ या डॉक्टरने लाकडाच्या कांड्या धातूसारख्या रंगवल्या आणि संधिवाताच्या पाच रुग्णांवर फिरवल्या. चौघांना आराम पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या वापरल्या, तेव्हाही निकाल जवळजवळ तसाच. हा गुण कल्पनेचा आहे, असे हेगार्थने पुढल्या वर्षी छापून सांगितले.

पर्किन्सच्या बाजूने आलेले उत्तर आजही जसेच्या तसे ऐकू येते: कांड्यांनी तान्ही मुले आणि घोडेही बरे होतात, त्यांना कुठे कल्पना असते? होमिओपॅथीच्या गोळ्या, चुंबकी पट्टे, ‘ऊर्जे’चे उपचार यांचे समर्थक कुत्र्या-मांजरांचे दाखले देतात ते याच आधारावर. युक्तिवाद हुशारीचा आहे आणि पहिल्या ऐकण्यात निरुत्तर करतो. त्यातली फट अशी की घोड्याला कल्पना नसली तरी घोडा बरा झाला हे घोड्याने सांगितलेले नसते. ते मालक सांगतो.

ही फट २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोजली गेली. सांधे झिजल्यामुळे लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांना औषध म्हणून काहीच परिणाम नसलेला पदार्थ दिला होता. कुत्रा पाय किती जोराने टेकतो हे जमिनीत बसवलेल्या यंत्राने नोंदले, आणि मालकांना व पशुवैद्यांनाही मत विचारले. यंत्राला फरक दिसला नाही तेथेही अनेक मालकांना सुधारणा दिसली, आणि पशुवैद्यांना दिसण्याचे प्रमाणही कमी नव्हते. निष्क्रिय औषधानेही गुण आल्यासारखे वाटणे म्हणजे प्लॅसिबो परिणाम. येथे तो सांभाळणाऱ्याला होतो, म्हणून याला सांभाळकर्त्याचा प्लॅसिबो परिणाम म्हणतात. अपस्माराच्या कुत्र्यांवरील तीन चाचण्यांचा आढावा २०१० मध्ये घेतला गेला. त्यांत निष्क्रिय गोळी मिळालेल्या २८ कुत्र्यांपैकी २२ जणांचे झटके कमी झाल्याची नोंद होती. येथे केवळ मालकाच्या नजरेचा दोष नाही. झटके वाढलेले असतानाच कुत्रा चाचणीत येतो, आणि चाचणीत आल्यावर नेहमीचे औषधही वेळेवर दिले जाते.

जनावरांना प्लॅसिबो परिणाम होतच नाही, हेही पूर्ण खरे नाही. उंदरांना एखादे औषध वारंवार टोचल्यावर नुसत्या मिठाच्या पाण्याच्या सुईनेही तसाच परिणाम दिसू शकतो, असे रिचर्ड हर्नस्टीन याने १९६२ मध्ये दाखवले. पण त्यासाठी आधी खरे औषध भिनलेले असावे लागते. कधीच न घेतलेल्या गोळीला हा नियम लावता येत नाही.

माणसाच्या आणि जनावराच्या बाबतीत एक फरक मात्र महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. खोट्या औषधाने माणसाला बरे वाटले तर निदान दुखणाऱ्यालाच बरे वाटलेले असते. जनावराच्या बाबतीत बरे वाटते ते मालकाला. दुखणे जनावराकडेच राहते. मांजर तर वेदना इतकी लपवते की ती शांत पडून आहे म्हणजे तिला आराम पडला, असा अर्थ सहज काढला जातो. सांध्यांच्या वेदनेवर गुणकारी औषधे आहेत. ती न देता रंगीत भुकटी देऊन समाधान मानणारा मालक दुष्ट नसतो. तो काळजी घेतो आहे, आणि त्या काळजीनेच त्याच्या डोळ्यांवर पडदा आलेला असतो.

मालकाची अडचणही खरी आहे. आपल्या दुखण्याबद्दलचा निर्णय माणूस स्वतःसाठी घेतो. येथे तो दुसऱ्या जिवासाठी घ्यावा लागतो, तेही पदरमोड करून. असाध्य रोगात पशुवैद्य कधी वेदनारहित मरणाचा पर्याय समोर ठेवतो. अशा वेळी ‘अजून एक उपाय आहे’ म्हणणारा माणूस औषध कमी आणि अपराधी भावनेतून सुटका जास्त विकत असतो.

कुंपण ओलांडणारी औषधे

खरे औषधही चुकीच्या जागी भोंदू ठरते. परोपजीवींवरील आयव्हरमेक्टिनच्या शोधासाठी विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल मिळाले. कोविड साथीत ते विषाणूवर चालते अशी हवा झाली, तेव्हा अमेरिकेत काही लोकांनी घोड्यांसाठीची पेस्ट खाल्ली, जिची मात्रा शेकडो किलो वजनाच्या जनावरासाठी असते. पुढे २०२२ मध्ये १,३५८ रुग्णांवरील चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. फेनबेंडाझोल हे कुत्र्यांचे जंतावरचे औषध. त्याने कर्करोग बरा झाल्याची एका अमेरिकी रुग्णाची कथा पसरली आणि २०१९ मध्ये दक्षिण कोरियात त्याचा तुटवडा पडला. तो रुग्ण त्याच काळात नव्या प्रतिकारशक्तीवर्धक औषधाच्या चाचणीतही होता, हा तपशील कथेबरोबर फारसा फिरला नाही.

उलट दिशेने जाणारी औषधे अधिक घातक. पॅरासिटामॉलचा निचरा करण्याची यकृतातील यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. माणसाची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. पिसवांवर ‘नैसर्गिक’ उपाय म्हणून सुचवला जाणारा लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, या समजुतीची किंमत येथे जनावर मोजते.

कर्करोगावरचे ‘लेट्राइल’ जर्दाळूच्या बियांतील द्रव्यापासून बनवत. अमेरिकेत त्याच्यासाठी कायदे बदलण्याची चळवळ झाली. अखेर १७८ रुग्णांवर चाचणी होऊन १९८२ मध्ये निकाल आला: रोग हटला नाही, उलट काहींच्या रक्तात सायनाइडचे प्रमाण धोक्याच्या जवळ पोचले. तरीही ते विकले जात राहिले. विरंजक द्रव्यापासून बनणारे, ‘चमत्कारी खनिज द्रावण’ म्हणून खपवलेले औषधही तसेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये इशारा दिल्यानंतरही ते अनेक वर्षे हातोहात फिरत होते. ज्या माणसाने त्यावर आशा ठेवली आहे त्याला सरकारी इशारा हा बहुधा औषध कंपन्यांच्या कटाचा पुरावा वाटतो.

नियंत्रण

क्लार्क स्टॅन्ली या अमेरिकी विक्रेत्याच्या प्रसिद्ध ‘सापाच्या तेला’ची अमेरिकी सरकारने तपासणी केली, तेव्हा त्यात मुख्यतः खनिज तेल निघाले, सापाचे काहीच नव्हते. त्याला दंड झाला तो २० डॉलरचा. १९०६ च्या कायद्याने लेबलवर खोटे लिहिणे गुन्हा ठरवले होते, गुण सिद्ध करण्याची सक्ती मात्र नव्हती. ती अमेरिकेत १९६२ मध्ये आली. पशुवैद्यकात हे आणखी उशिरा आणि आणखी ढिलेपणाने घडले. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स या संस्थेने होमिओपॅथीला मान्य पुराव्याचा आधार नाही, आणि असे उपचार सिद्ध उपचारांच्या जागी नव्हे तर जोडीला असावेत, असे २०१७ मध्ये स्पष्ट केले. बंदी घातली नाही. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर ‘सांध्यांच्या आरोग्यासाठी’ एवढेच छापलेले असते. रोगाचे नाव घेतले तर ते औषध ठरते आणि पुरावा मागितला जातो, म्हणून उत्पादक ते नाव कटाक्षाने टाळतात.