ओरबाडलेला वायू की तुटलेली रसद?

दीर्घिका इतर दीर्घिकांच्या एखाद्या समूहात शिरली की तिच्यातली ताऱ्यांची निर्मिती हळूहळू मंदावते. ‘समूहाने तिचा वायू हिरावला’ असं म्हणून आपण मोकळे होतो, पण त्या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली रॅम प्रेशर स्ट्रिपिंग. गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ती मांडली. दीर्घिकांच्या मधल्या जागेत विरळ, तप्त वायू असतो. त्यातून भरधाव जाणाऱ्या दीर्घिकेला तो समोरच्या वाऱ्यासारखा झोडपतो आणि तिच्या चपट्या तबकडीतला थंड वायू मागे उधळतो. तारे जागेवरच राहतात. नॉर्मा गुच्छातल्या (गुच्छ म्हणजे समूहापेक्षा खूप मोठा दीर्घिकांचा जमाव) ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेमागे उधळलेल्या वायूची, क्ष-किरणांत दिसणारी शेपटी दोन लाखांहून अधिक प्रकाशवर्षं लांब आहे!

दुसरी स्ट्रँग्युलेशन, म्हणजे गळा आवळणं; लार्सन, टिन्सली आणि कॉल्डवेल यांनी १९८० मध्ये सुचवलेली. इथे तबकडीला धक्का लागत नाही. बाहेरून झिरपणारा ताजा वायू तेवढा बंद होतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उरलासुरला साठा संपेपर्यंत तारे जन्मत राहतात.

शेपटी नसेल तर ओळखायचं कसं? मला सर्वांत सुंदर वाटतो तो धातूंचा पुरावा. (हेलियमपेक्षा जड ती सगळी मूलद्रव्यं खगोलशास्त्रात धातूच, आणि ती ताऱ्यांतच घडतात.) आटत्या आमटीत वरून पाणी पडलं नाही की ती खारट होते, तसं रसद तुटलेल्या दीर्घिकेच्या ताऱ्यांत धातूंचं प्रमाण वाढतं. वायू झटक्यात गेला, तर ते वाढायला वेळच मिळत नाही. २०१५ मध्ये पेंग आणि सहकाऱ्यांनी सुमारे २६,००० दीर्घिका तपासल्या. निष्कर्ष रसद तुटण्याच्या बाजूने निघाला, आणि ताऱ्यांची निर्मिती विझायला लागणारा काळ सुमारे ४०० कोटी वर्षं.

समूहांत हे पटण्यासारखं आहे. त्या समोरच्या वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. गुच्छात वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात, समूहात तीनशेच्या आसपास. म्हणजे दाब अकराव्या हिश्श्यावर, शिवाय तिथला वायूही विरळ. बटू दीर्घिका मात्र तेवढ्यानेही नागवल्या जातात.

काळ बदलला की हिशेबही बदलतो. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. २०२० मध्ये ते निकाल आले. नवी भर पडली नसती तर तो साठा १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता; म्हणजे तेव्हा रसद तुटली, तर दीर्घिका आजच्यापेक्षा लवकर विझली असती.