आपत्तिपटांतील लघुप्रतिकृती

आपत्तिपटांतील लघुप्रतिकृती : भूकंप, पूर, आग, वादळ, जहाज उलटणे असली संकटे पडद्यावर आणण्यासाठी बांधलेल्या छोट्या इमारती, धरणे, जहाजे आणि त्यांच्या चित्रणाचे तंत्र. स्टुडिओत याला नुसते ‘मिनिएचर’ म्हणतात. आपल्याकडच्या प्रेक्षकांकडे असल्या सगळ्या करामतींसाठी एकच शब्द होता, ‘ट्रिक सीन’. 1990 च्या दशकात संगणकाने हे काम हाती घेईपर्यंत हॉलिवूडमधली बहुतेक शहरे याच पद्धतीने उभी राहिली आणि याच पद्धतीने आडवी झाली.

प्रतिकृती हुबेहूब बांधणे हा त्यातला सोपा भाग. हात बसलेले सुतार आणि रंगारी ते करतातच. खरी अडचण वेळेची. 100 मी. उंचीवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला साधारण साडेचार सेकंद लागतात. तीच इमारत 25 पट लहान, म्हणजे 4 मी. उंच बांधली, तर माथ्यावरचा तुकडा 0.9 सेकंदातच खाली येतो आणि गगनचुंबी इमारतीचे खेळणे होते. उपाय असा, की कॅमेरा सेकंदाला 24 ऐवजी 120 फ्रेम या वेगाने चालवायचा आणि तीच फिल्म नेहमीच्या गतीने दाखवायची. प्रतिकृती जितक्या पट लहान, त्या आकड्याचे वर्गमूळ काढून 24 ने गुणायचे, हा हिशोब. 16 पट लहान असेल तर 96 फ्रेम. मात्र कॅमेरा पळू लागला की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. त्यात जवळची-लांबची प्रत्येक खिडकी रेखीव दिसावी म्हणून भिंगाचे छिद्रही बारीक ठेवावे लागते. मग दिव्यांचा एवढा भडिमार करावा लागे, की आग लागण्याआधीच सेट तापलेला असे.

पाणी आणि आग मात्र या हिशोबालाही दाद देत नाहीत. लाकूड तासून लहान करता येते, पाण्याचा थेंब कसा करणार? ‘द पॉसायडन ॲडव्हेंचर’ (1972) या चित्रपटातले जहाज 1:48 या प्रमाणात, सुमारे 21 फूट लांबीचे होते. त्याच्या कठड्यावर उडालेला 5 मिमी.चा थेंब मापाने बघितला तर 24 सेंमी.चा ठरतो, चांगल्या लाल भोपळ्याएवढा. पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये मिसळणे, मोठ्या पंख्यांनी लाटांचे शेंडे फोडणे असे इलाज करत. पण सर्वांत खात्रीचा इलाज म्हणजे प्रतिकृतीच मोठी बांधणे. म्हणून ‘लघु’ हा शब्द इथे जरा फसवा आहे. ज्वालेचीही तीच गत: तिची जीभ मेणबत्तीएवढी दिसली की खेळ संपला. ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ (1974) मधील 138 मजली मनोऱ्याची प्रतिकृती त्यामुळेच अनेक मजली घराएवढी उंच होती. आतली आग खऱ्या आकाराच्या सेटवर लावली. अशा 57 सेटपैकी चित्रीकरण संपताना 8 च उभे होते, असे सांगितले जाते.

या तंत्राचा पहिला बहर 1930 च्या दशकातला. ‘सॅन फ्रान्सिस्को’ (1936) मध्ये 1906 चा भूकंप आला. ‘द हरिकेन’ (1937) साठी जेम्स बसेव्ही याने दीड लाख डॉलर खर्चून बेटावरचे गाव उभारले आणि अडीच लाख डॉलर खर्चून ते मोडले, ही गोष्ट त्या धंद्यात आजही चवीने सांगितली जाते. ऑस्करचे पहिले स्पर्धात्मक ‘स्पेशल इफेक्ट्स’ पारितोषिक 1939 च्या ‘द रेन्स केम’ला मिळाले. भूकंप, फुटलेले धरण आणि महापूर ही फ्रेड सर्सेनची करामत होती. मागे पडले होते ‘गॉन विथ द विंड’ आणि 35 फूट लांबीच्या मलमली नळकांड्यातून चक्रीवादळ घुमवणारे ‘द विझार्ड ऑफ ऑझ’. माझ्या मते ते वादळ सर्सेनच्या पुरापेक्षा आज जास्त टिकून आहे. मराठी वाचकाला ‘द रेन्स केम’ दुसऱ्या कारणाने जवळचा वाटावा: त्यातले रांचीपूर हे काल्पनिक संस्थान सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यावर बेतलेले मानले जाते.

प्रतिकृतीच्या जोडीला रंगकाम असे. ‘अर्थक्वेक’ (1974) मधले उद्ध्वस्त लॉस एंजेलिस बरेचसे ॲल्बर्ट व्हिटलॉकच्या कुंचल्यातून उतरले आहे. चौकटीचा काही भाग काळा झाकून नटांचे चित्रण करायचे, फिल्म न धुता तशीच ठेवायची, आणि झाकलेल्या जागी रंगवलेले अवशेष त्याच फिल्मवर टिपायचे. दुसरी प्रत काढावी लागत नसल्याने चित्र फिके पडत नाही. याच चित्रपटात लिफ्ट कोसळते तेव्हा रक्ताचे शिंतोडे पडद्यावर चक्क चितारलेले दिसतात, आणि त्या जागी हसू येते. पडद्यावरच्या हादऱ्याला हातभार लावायला ‘सेन्सराउंड’ ही ध्वनियोजना होती. प्रचंड कर्ण्यांतून येणारी खर्जाची घरघर कानाआधी छातीला जाणवे. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरमध्ये छताचे पोपडे खाली येऊ नयेत म्हणून जाळे बांधले होते.

भारतात हा प्रकार आपत्तिपटांआधी पौराणिक चित्रपटांत वाढला. दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत. ‘लंका दहन’ (1917) मध्ये त्यांनी अख्खी नगरी पेटवली. त्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी थोडी थोडी फ्रेम टिपत चित्रित केली होती. म्हणजे मिनिएचरवाले वेळ ताणतात, ती फाळक्यांनी आवळली होती. पुढे बाबूभाई मिस्त्री काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने वस्तू नाचवत, म्हणून त्यांना ‘काला धागा’ असेच नाव पडले. आपत्तिपटाचा थेट हिंदी अवतार म्हणजे ‘द बर्निंग ट्रेन’ (1980).

‘ट्विस्टर’ (1996) मधले वादळ संगणकावर घडले. तरी पुढच्याच वर्षी ‘टायटॅनिक’साठी भल्यामोठ्या प्रतिकृती बांधाव्या लागल्याच. ‘पॉसायडन’मध्ये उलटे होणारे ते 21 फुटी जहाज आता सॅन पेद्रोच्या सागरी संग्रहालयात ठेवलेले आहे, सरळ, तळ खाली करून.