ग्रिम्सपाउंडच्या सहलीला निघण्यापूर्वी

बुकिंग झालं की बहुतेकांचा एकच प्रश्न येतो: "तिथे प्रवेश मोफत आहे, मग पैसे कसले?" प्रवेश मोफतच आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, डार्टमूरच्या माळावर साधारण 450 मीटर उंचीवर ग्रिम्सपाउंड ही कांस्ययुगातली वस्ती आहे. कुणीही चढून जावं. आम्ही पैसे घेतो ते सोबतच्या वाटाड्याचे, चहाचे आणि दुपारच्या शेतांचे. त्या शेतांबद्दल पुढे सांगतो.

छप्पर शोधू नका. इ.स.पू. 1300 च्या सुमाराची ही वस्ती. लाकूड आणि गवत केव्हाच गेलं. उरलं आहे ते दगडी कुंपण आणि त्याच्या आत 24 गोल झोपड्यांची ग्रॅनाइटची जोती.

आता डब्याची गोष्ट. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पोळीभाजी निघाली की कुणीतरी बसायला सपाट दगड ओढतं, मुलं दगडावर दगड ठेवून देऊळ रचतात. मग सगळा गट थांबवून दगड परत लावावे लागतात, आणि कोणता कुठला होता हे दर वेळी सांगता येत नाही. अर्धा तास जातो, तो दुपारच्या फेरीतून कापला जातो.

गावाकडे बांधाचा दगड हातभर सरकला तर भावाभावांत कोर्टकचेरी होते. इथलाही दगड तसाच पुरावा आहे. दोन उभे दगड दिसले की दार कुठे होतं ते कळतं. काही दारांपुढे वारा अडवणारा वळणदार आडोसा आहे. 1894 साली इथे उत्खनन झालं तेव्हा चुलीच्या जागा आणि बसायचे कट्टे सापडले. जागेवरून हललेला दगड यातलं काहीच सांगत नाही. शिवाय 1979 च्या कायद्याने अशा संरक्षित स्थळाची मोडतोड हा गुन्हा आहे. म्हणून डबा कुंपणाबाहेर, आम्ही आणलेल्या सतरंजीवर. यात आम्ही सूट देत नाही, लहान मुलांनाही नाही.

दुपारी डार्टमूरवरच्याच डार्टमीट या ठिकाणाजवळ जातो. तिथे त्याच युगातली शेतं आहेत. त्यांच्या हद्दींना 'रीव्ह' म्हणतात. कोकणातल्या माणसाला गडगा म्हटलं की पुरे. दगडांच्या या बुटक्या रांगा एकमेकींना समांतर, चढउतार न जुमानता माळावरून लांबवर जातात. पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी 1970 च्या दशकात त्यांचा माग काढला आणि ही आखीव शेतजमीन असल्याचं दाखवून दिलं. "झोपडी पाहिली, आता परत जाऊ" म्हणणाऱ्यांना आम्ही आग्रहाने थांबवतो. शेत पाहिल्याशिवाय घर अर्धंच कळतं.

एक विनंती. शाळेची सुट्टी म्हणून ऑगस्टच मागितला जातो, पण तेव्हा कमरेएवढं नेचं वाढून रीव्ह झाकून टाकतं. मार्चमध्ये या. नेचं वाळून आडवं झालेलं असतं, ऊन तिरपं पडतं आणि बांधन्‌बांध उठून दिसतो. मार्चच्या फेऱ्यांत आम्ही आठच माणसं घेतो. घोट्यापर्यंतचे बूट मात्र हवेतच.