‘देवाने निवडलेले’: सातारा-सांगलीच्या मंडळ्यांपर्यंत पोचलेल्या एका शिकवणुकीची पार्श्वभूमी

‘देवाने आपल्याला निवडले आहे’ हे वाक्य मिरज, सांगली, वाई, सातारा इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांत अगदी सहज बोलले जाते. पाळकांच्या संदेशात ते येते, प्रार्थनेत येते, बाप्तिस्म्याच्या वेळी येते. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटते, ही माणसे स्वतःला इतरांपेक्षा वरची समजतात की काय! तसे समजण्याचा मोह आतल्यांनाही झालेला आहे, आणि तो आजचा नाही. या शिकवणुकीचा इतिहास बराचसा त्या मोहाशी चाललेल्या झगड्याचाच आहे.

सुरुवात जुन्या करारात आहे. अब्राहामाला देवाने बोलावले ते वचन देऊनच: तुझ्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील. म्हणजे निवड एकाची झाली, पण तिचा हेतू सगळ्यांसाठी होता. पुढे ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात मोशे कनानच्या वेशीवर उभ्या असलेल्या इस्राएल लोकांना त्यांच्या निवडीचे कारण सांगतो, आणि ते ऐकणाऱ्याचा अभिमान सुखावणारे अजिबात नाही. तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून देवाने तुम्हाला निवडले नाही, तुम्ही तर सगळ्या राष्ट्रांत सर्वांत थोडे होता. त्याने तुमच्यावर प्रेम केले आणि तुमच्या पूर्वजांना दिलेली शपथ पाळली, एवढेच कारण. प्रेम का केले, तर प्रेम केले म्हणून. गुण, पराक्रम, कुळ यांतले काहीच मोशे पुढे करत नाही. आणि आमोस संदेष्टा तर निवडीचा अर्थ अंगावर काटा येईल असा सांगतो: पृथ्वीवरच्या सर्व कुळांत मी फक्त तुम्हालाच ओळखले, म्हणूनच तुमच्या पापांचा जाब तुम्हाला विचारीन. मला हे वचन संपूर्ण विषयाची किल्ली वाटते. निवडलेल्याला सवलत मिळत नाही, त्याचा हिशेब अधिक कडक होतो.

नव्या करारात हीच गोष्ट येशूच्या तोंडी येते: ‘तुम्ही मला निवडले नाही, तर मी तुम्हाला निवडले.’ हे शब्द योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्री, शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर येतात, आणि लगेच पुढे आज्ञा येते ती एकमेकांवर प्रीती करण्याची. पौल करिंथच्या मंडळीला आठवण देतो की तुमच्यात ज्ञानी, बलवान, कुलीन फारसे नव्हते. जगाने हीन मानलेल्यांना देवाने निवडले. पेत्राचे पहिले पत्र आशिया मायनरमध्ये उपरे म्हणून विखुरलेल्या लोकांना ‘निवडलेला वंश’ म्हणते आणि होशेयाच्या पुस्तकातला धागा उचलून सांगते की पूर्वी तुम्ही लोक नव्हता, आता देवाचे लोक आहात.

मग तत्त्वज्ञांचे युग आले. माणूस आपल्या बळावर देवाकडे वळू शकतो का, की वळण्याची इच्छाही देवच देतो? पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टिन आणि पेलागियस या ख्रिस्ती धर्मपंडितांच्या शिकवणुकींची टक्कर या प्रश्नावर झाली. आपल्याकडे रामानुजांच्या परंपरेत मर्कटकिशोर न्याय आणि मार्जारकिशोर न्याय असा वाद आहे. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते. मांजराच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. ऑगस्टिन दुसऱ्या बाजूचा. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्विनने हे मत टोकापर्यंत नेले. 1618-19 मध्ये हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेने, माणूस देवाची कृपा नाकारू शकतो असे मानणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्ध निर्णय दिला, आणि 1640 च्या दशकात लंडनमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात लिहिले गेले की देवाने काहींना सार्वकालिक जीवनासाठी आधीच नेमले आहे आणि इतरांना सार्वकालिक मरणासाठी. तर्क म्हणून ते सुसंगत असेल, पण मोशेच्या भाषणातली ऊब त्यात उरली नव्हती.

नेमकी हीच परंपरा घेऊन अमेरिकन मिशनरी आपल्या भागात आले. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1849 मध्ये, सातारचे राज्य नुकतेच खालसा झालेले असताना, साताऱ्यात. ते काँग्रिगेशनल पंथाचे, मूळ कॅल्विनकडे जाणारे. दक्षिणेकडे रॉयल वाइल्डर यांनी 1852 मध्ये कोल्हापुरात काम सुरू केले. 1870 मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन या कॅल्विनच्याच परंपरेतल्या पंथाच्या मंडळाकडे गेले आणि पुढे सांगली, मिरज ही त्याची केंद्रे झाली. या प्रेस्बिटेरियन मंडळींचे अधिकृत विश्वासपत्र वेस्टमिन्स्टरचेच होते.

इथे ती शिकवण कोणाच्या कानावर पडली, हे महत्त्वाचे. बाप्तिस्मा घेणारे बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. गावकुसाबाहेर घर, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायला बंदी, देवळाच्या पायरीपलीकडे प्रवेश नाही. निवड जन्माने होते, वरची की खालची ते जन्मताच ठरते, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अशा माणसाने ‘पूर्वी तुम्ही लोक नव्हता’ हे वाक्य ऐकले की त्याला डॉर्टचा वाद आठवत नाही, स्वतःचे गाव आठवते. माझे मत असे, की पेत्राच्या पत्राचा अर्थ त्या वस्त्यांना युरोपातल्या कित्येक धर्मसभांपेक्षा अधिक नेमका कळला असणार.

डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये आले, आधी सांगलीत दवाखाना चालवला आणि 1894 मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. तिथे ब्राह्मणापासून महारापर्यंत सगळे उपचाराला येत. देवाने कोणाला निवडले आणि कोणाला नाही, हा प्रश्न तिथल्या खाटेवर कोणाला विचारला जात नव्हता.

आणि 1903 मध्ये एक मोठी गोष्ट घडली. अमेरिकेतल्या त्याच प्रेस्बिटेरियन मंडळीने अडीचशे वर्षांच्या विश्वासपत्राला ‘देवाचे प्रेम आणि मिशनकार्य’ या विषयावर नवा अध्याय जोडला. सोबत खुलासा केला की देवाच्या निर्णयाची शिकवण त्याच्या सर्व मानवजातीवरील प्रेमाशी जुळवूनच धरायची, आणि बालपणी मरण पावलेली सर्व मुले निवडलेल्यांतच आहेत असे मानायचे. ज्या आईचे तान्हे मूल प्लेगात किंवा पटकीत गेले, तिच्यासाठी या एका ओळीचे मोल केवढे असेल!

साताऱ्यात या प्रश्नाला आणखी एक वळण नारायण वामन टिळकांनी दिले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले हे कवी 1917 मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून साताऱ्याला आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताचे शिष्य, मग बाप्तिस्मा झालेले असोत वा नसोत, या दरबारात एकत्र बसावेत ही त्यांची कल्पना. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या माणसाने अभंग आणि कीर्तन हीच साधने घेतली, यात नवल नाही. निवडलेल्यांची वही मंडळीच्या कपाटात नसते, असे जणू त्यांनी ठरवून टाकले. 1919 मध्ये टिळक वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही.

मंडळीच्या आत जातीच्या भिंती पूर्ण पडल्या, असे म्हणणे खरे होणार नाही. सोयरीक जुळवताना त्या अजूनही आडव्या येतात, आणि याचे उत्तर आमोसाच्या वचनासमोर उभे राहून द्यावे लागेल. सरकारदरबारी वेगळेच घडले. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने ही ओळख मुख्यतः हिंदूंपुरती ठेवली. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेल्या दलितांना मात्र त्या यादीत अजून जागा नाही.