हिवाळ्यासाठी बोर्दोच्या सहा लाल वाइन: निवड, साठवण आणि बाटली उघडण्याची रीत

फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या वाइनचा नवा माल आम्ही दुकानात नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच काळात उतरवून घेतो. कारण उन्हाचे आहे. एप्रिल-मेच्या दुपारी न्हावा-शेवाहून निघालेल्या बंद ट्रकमध्ये बाटली सहज तापते. आतली वाइन फुगते, बूच वर सरकते, कडेने थेंब झिरपतो आणि ताज्या फळाच्या जागी शिजलेल्या मुरंब्याची चव येते. अशी वाइन नंतर कितीही थंड ठेवली तरी सुधारत नाही. म्हणून बाटली घेताना तिचे तोंड वेष्टनावरून अंगठ्याने चाचपून पाहा. बूच काचेच्या कडेच्या वर आल्याचे जाणवले किंवा मानेवर चिकट ओघळ दिसला, तर ती घेऊ नका, मग ती आमच्या फळीवरची का असेना.

नदीच्या कोणत्या तीरावरची?

बोर्दोची बाटली निवडताना लेबलावरच्या वाड्याच्या चित्रापेक्षा गावाचे नाव आणि साल जास्त उपयोगी पडते. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या एकत्र येऊन जिरोंदची खाडी होते. तिच्या डाव्या तीरावर मेदोक आहे. तिथली जमीन गोट्यांची: पाणी झटकन निचरते, गोटे दिवसा तापतात. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्याँ या द्राक्षाला हेच लागते. या वाइनला ब्लॅककरंट फळाचा आणि देवदाराच्या लाकडाचा वास असतो आणि तरुणपणी ती चांगलीच तुरट लागते. उजव्या तीरावर सँत-एमिलियाँ आणि पोमरोल. तिथे चिकणमाती आणि चुनखडी जास्त. थंड, ओल धरणाऱ्या मातीत लवकर पिकणारे मेर्लो द्राक्ष चांगले येते. ही वाइन जिभेवर मऊ आणि भरीव असते, आणि लवकर पिण्याजोगी होते. बोर्दोची लाल वाइन पहिल्यांदाच घेत असाल तर उजव्या तीरापासून सुरुवात करा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. मेदोकमधल्या पोयाक गावची कोवळी वाइन पहिल्याच दिवशी उघडून निराश झालेला माणूस पुन्हा बोर्दोकडे फिरकत नाही.

लेबलावरचे दोन शब्दप्रयोग फसवतात. ‘ग्राँ व्हँ द बोर्दो’ ही दर्जाची हमी नाही. आणि ‘सँत-एमिलियाँ ग्राँ क्र्यू’ हे फक्त उगमनाव, म्हणजे वाइन कुठली ते सांगणारे नाव, आहे. क्रमवारीत बसलेल्या मळ्याच्या लेबलावर पुढे ‘क्लासे’ हा शब्द येतो, तो शोधा. मेदोकची प्रसिद्ध पाच पायऱ्यांची यादी 1855 ची आहे आणि ती त्या काळच्या बाजारभावावर बेतली होती. तिच्यात नाव घेण्याजोगा एकच मोठा बदल झाला: मुताँ रोथशिल्ड या मळ्याला 1973 मध्ये पहिल्या पायरीवर घेतले. पोमरोलला अशी यादीच नाही, तरी तिथल्या बाटल्या जगातल्या महागड्यांत मोडतात. यंदाच्या निवडीत 1855 च्या यादीतले एकही नाव आम्ही ठेवलेले नाही. त्याच पैशांत खालच्या पायरीवरच्या, पण पिण्याच्या वयाला आलेल्या बाटल्या जास्त समाधान देतात.

यंदाच्या सहा बाटल्या

बोर्दो सुपेरिअर, 2020. मुख्यतः मेर्लो. उन्हाळा कोरडा गेला, फळ पूर्ण पिकले. उघडा, अर्धा तास थांबा, प्या. घरी पाहुणे असतील तर हीच न्या.

कास्तियाँ, कोत द बोर्दो, 2019. सँत-एमिलियाँच्या पूर्वेला, तशाच चुनखडीच्या टेकड्यांवर पिकलेली. नाव कमी, म्हणून दरही कमी. पैशांचा हिशेब पाहिला तर सहांमध्ये आमची पहिली पसंती हिलाच.

फ्रोंसाक, 2018. गडद आणि जड. आधी एक तास सुरईत मोकळी ठेवा.

ओ-मेदोक, क्र्यू बूर्झ्वा (1855 च्या यादीबाहेरच्या मेदोक मळ्यांचा दर्जा), 2016. कॅबर्ने आणि मेर्लो जवळपास निम्मे-निम्मे. पावसाळी वसंतानंतर कोरडा उन्हाळा आणि थंड रात्री मिळालेले हे साल. आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही भक्कम, त्यामुळे नीट साठवली तर अजून काही वर्षे टिकेल.

पेसाक-लेओन्याँ, 2015. बोर्दो शहराला लागून असलेल्या मळ्यांची. धुराचा, तापलेल्या मातीचा वास. आत्ता अगदी योग्य वयात आहे, आणखी थांबवू नका.

सँ-झ्युलियाँ, 2021, एका मोठ्या मळ्याची ‘दुसरी’ वाइन. दुसरी म्हणजे कमअस्सल नव्हे. मुख्य बाटलीत न घेतलेल्या पिंपांची, बहुतेक कोवळ्या वेलींची ही वाइन असते आणि ती लवकर तयार होते. 2021 साली एप्रिलमध्ये कडाका पडला, नंतर ओल आणि केवडा, म्हणजे वेलीच्या पानांवरचा बुरशीसारखा रोग. म्हणून ही अंगाने हलकी आहे. जड वाइन न आवडणाऱ्यांनी हीच घ्यावी.

केवड्याचा विषय निघालाच आहे, तर नाशिक-सांगलीच्या बागायतदार ग्राहकांसाठी एक गोष्ट. आपण एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण करतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, त्याचे नाव बोर्दोवरूनच पडले. मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, म्हणजे निळसर डाग पाहून वाटसरू द्राक्षे तोडणार नाहीत. 1882 मध्ये सँ-झ्युलियाँजवळून जाताना बोर्दोतले प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले, की कडेच्या त्याच वेलींची पाने केवड्याने गळालेली नाहीत. तिथून प्रयोग करत 1885 मध्ये त्यांनी हे मिश्रण प्रसिद्ध केले.

घरी आणल्यावर

‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला जुन्या युरोपातल्या थंड घरांसाठी होता. बोर्दो 16 ते 18 अंशांना चांगली लागते. तीस अंशांना तिच्यातला मद्यार्क नाकात चढतो आणि फळ दबून जाते. तीस अंशांवरची बाटली फ्रिजमध्ये सुमारे एक तास ठेवा. पुण्याच्या डिसेंबरच्या रात्री पाऊण तास पुरतो. घाई असेल तर बादलीत निम्मे पाणी आणि निम्मा बर्फ घालून दहा मिनिटे. नुसत्या बर्फात घालू नका, खड्यांमधल्या हवेमुळे बाटली उशिरा थंड होते. चार अंशांपर्यंत गार झालेली बोर्दो तुरट आणि मुकी लागते.

महिन्याभरात पिणार असाल तर बाटली कपाटाच्या खालच्या खणात, अंधारात, आडवी ठेवा, म्हणजे बूच ओले राहते. स्वयंपाकघरात किंवा फ्रिजवर कधीही नको. पुढचा उन्हाळा ओलांडायचा असेल तर 12 ते 14 अंशांचे वाइन-कपाट हवे. ते नसेल तर होळीच्या आत उघडा.

2015 आणि 2016 च्या बाटल्यांत गाळ असू शकतो. तो निरुपद्रवी आहे, पण दाताखाली कडू लागतो. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा. बूच काढून मानेचा काठ पुसा. बाटलीच्या खांद्याखाली मोबाइलचा दिवा धरा आणि एका धारेत, न थांबता, सुरईत ओता. काळपट धागा मानेकडे सरकताना दिसला की हात थांबवा. तळाशी दोन-तीन चमचे राहतील, ते सोडून द्या.

जेवणाबद्दल स्पष्ट सांगतो. तांबडा रस्सा आणि तुरट बोर्दो जमत नाही, तिखटाने तुरटपणा आणि मद्यार्क दोन्ही भडकतात. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर तोंडात धातूची चव येते. मिऱ्याचे सुके मटण, कमी तिखटाचा खिमा, भाजलेल्या मशरूम, जुने कडक चीज चालते. मटणाची चरबी तुरटपणा मऊ करते. पांढऱ्या रश्शाबरोबर कास्तियाँ घेऊन पाहा.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. 2018 पासूनच्या दोन-तीन दिवस टिकतात, जुन्या त्याच रात्री संपवा.

उघडताच ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद तळघराचा वास आला आणि तो दहा मिनिटांनीही गेला नाही, तर बूच बिघडलेले आहे. अपाय होत नाही, पण ती वाइन पिण्यात अर्थ नाही. बाटलीत निम्म्याहून अधिक वाइन आणि ते बूच घेऊन तीन दिवसांत दुकानात या, आम्ही बदलून देतो.